होस्ट १५५ टक्क्यांवर? आधी पाहुण्यांची ताटं मोजा

"ताई, होस्ट १५५ टक्क्यांवर गेलाय. दोन व्हीएम बंद करू का?" रात्री पावणेबाराला असा फोन आला की मी एकच विचारते, आकडा कुठला? बहुतेक वेळा उत्तर येतं, "आपल्या स्क्रिप्टमधला." मग मी सांगते, काही बंद करू नकोस, सकाळी बघू. हेच दुखणं मी इतक्यांदा निस्तरलंय की आता लिहूनच ठेवते. होस्ट म्हणजे खरं मशीन, व्हीएम म्हणजे त्याच्यावर चालणारी आभासी मशीन, म्हणजेच पाहुणी, गेस्ट. सगळं लिनक्स होस्टवर केव्हीएमने, म्हणजे लिनक्समधल्याच सोयीने, व्हीएम चालवणाऱ्यांसाठी आहे. व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर (हायपरव्हायजर) दुसरं असेल तर यातलं अर्धंच लागू पडेल.

लक्षणं

डॅशबोर्डवर सीपीयूचे तुकडे एकावर एक रचले की बेरीज शंभरावर जाते. होस्ट रिकामा असताना जात नाही. व्हीएम कामाला लागल्या की जाते, आणि जेवढं काम जास्त तेवढी जास्त.

किंवा बेरीज चोख शंभर येते, पण एमपीस्टॅट हे सीपीयू मोजणारं साधन ३५ टक्के आयडल, म्हणजे रिकामा, सांगत असताना तुमचा ग्राफ २२-२३ वर असतो. मला हे लक्षण पहिल्यापेक्षा वाईट वाटतं. १५५ बघून निदान कुणीतरी फोन तरी करतं. ७७ टक्के वापरावर कुणाला संशय येत नाही, आणि नवा सर्व्हर घ्यायचा प्रस्ताव जातो.

किंवा टॉप या साधनात युजर (साध्या प्रोग्रॅमांचा वेळ) ६० टक्के आणि त्याच मिनिटाला एमपीस्टॅटमध्ये युजर ५ टक्के.

किंवा व्हीएममध्ये रात्रभर काम चालू आहे, पण होस्टवर गेस्टचा, म्हणजे व्हीएमला दिलेल्या वेळेचा, रकाना ठार शून्य.

किंवा व्हीएमवाला म्हणतो माझा स्टील (हवा असून न मिळालेला सीपीयूचा वेळ) ३० टक्के, आणि होस्ट म्हणतो मी तर ४० टक्के रिकामा बसलोय.

किंवा याच्या उलट: व्हीएम आतून निवांत, आणि बाहेरून बघावं तर होस्टचा अख्खा कोअर खातेय.

किंवा सगळं ठीक चाललेलं असताना ग्राफमध्ये मधेच एक सुळका, लाखो टक्क्यांचा.

वही कशी लिहिली जाते

तपासणीला लागण्याआधी एक गोष्ट डोक्यात बसली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं घोकंपट्टी होईल.

खानावळीची वही आठवा. मेंबरांच्या खात्यावर आज ४० ताटं लागली. शेजारच्या रकान्यात लिहिलंय, पाहुणे ५. नवा पोरगा बेरीज करतो आणि सांगतो ४५. पण पाहुण्याचं ताट मेंबरच्या खात्यावरच मांडलेलं असतं. पाहुण्यांचा रकाना म्हणजे "त्यांपैकी किती" एवढंच सांगणारी टीप. उठलेली ताटं चाळीसच.

लिनक्सची /प्रॉक/स्टॅट ही फाइल तशीच वही आहे. तिच्या सीपीयूच्या ओळीत दहा रकाने असतात: युजर, नाइस, सिस्टिम, आयडल, आयओवेट, आयआरक्यू, सॉफ्टआयआरक्यू, स्टील, गेस्ट आणि गेस्ट नाइस. व्हीएमचा व्हर्च्युअल सीपीयू चालवण्यात गेलेला वेळ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, गेस्टमध्ये मांडतो आणि युजरमध्येही मांडतो. त्या व्हीएमची नाइस पातळी शून्याच्या वर, म्हणजे प्राधान्य कमी, असेल तर तोच वेळ गेस्ट नाइस आणि नाइस या जोडीत जातो. म्हणजे पहिल्या आठ रकान्यांत सगळा वेळ येऊन गेलेला असतो. शेवटचे दोन ही टीप.

ही चूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. गेस्टचा रकाना २.६.२४ या कर्नलात आला, म्हणजे जानेवारी २००८ मध्ये. तोपर्यंत लिहिलेल्या सगळ्या साधनांना हा रकाना माहीतच नव्हता. गेस्टचा वेळ युजरमधून काढून घेतला असता तर त्या जुन्या साधनांच्या हिशेबातून तो गायबच झाला असता. म्हणून तो युजरमध्येही ठेवला. गेस्ट नाइस २०१० मध्ये २.६.३३ बरोबर आला. निर्णय शहाणपणाचा होता, पण तेव्हापासून दहाही रकाने डोळे मिटून बेरीज करणारी प्रत्येक स्क्रिप्ट चुकतेय.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी.

१. आकडा कुठल्या साधनाचा आहे?

होस्टवर एमपीस्टॅट दहा सेकंदांच्या अंतराने लावा आणि त्याच वेळचा तुमचा आकडा शेजारी ठेवा. मी एमपीस्टॅटला पंच मानते, कारण तो युजरमधून गेस्ट वजा करून दोन्ही वेगळे दाखवतो. त्याची पूर्ण ओळ शंभराला मिळते.

टॉपच्या नेहमीच्या ओळीत गेस्ट वेगळा नसतो, तो युजरमध्येच धरलेला असतो. म्हणून तिकडे ६० आणि इकडे ५. दोघंही खरं बोलतायत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. 'सार' नावाच्या साधनात तर एकट्यातच दोन्ही तऱ्हा आहेत. नुसता 'यू' पर्याय दिला तर युजरमध्ये गेस्ट धरलेला असतो. त्याच्यापुढे 'ऑल' जोडलं की वेगळा काढलेला. मॅन्युअलमध्ये हे लिहिलंय, फक्त तिथपर्यंत कुणी वाचत नाही. एका रकान्याचं नाव 'युजर' आणि दुसऱ्याचं 'यूएसआर', हाच काय तो इशारा.

एचटॉप, म्हणजे टॉपचा रंगीत भाऊ, आपला आपण वजाबाकी करतो, पण साध्या पट्टीत तो गेस्ट आणि स्टील एकाच रंगात रंगवतो. तो रंग बघून "स्टील वाढला" म्हणून धावू नका. सेटिंगमध्ये सविस्तर सीपीयू वेळ चालू केला की दोन्ही सुटे दिसतात. व्हीएमस्टॅट या साधनाच्या नव्या आवृत्तीत गेस्टसाठी 'जीयू' असा रकाना आलाय. त्याची पहिली ओळ मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या.

प्रोमिथियस हे मॉनिटरिंग वापरत असाल तर होस्टचे आकडे त्याला पुरवणाऱ्या नोड एक्सपोर्टरने ०.१६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, गेस्टचं मेट्रिक (मोजमापाचा आकडा) वेगळ्या नावाने काढलंय. ते मुद्दाम वेगळं ठेवलंय, लोकांनी बेरजेत घेऊ नये म्हणून. तरी कुणीतरी उत्साहाने दोन्ही मेट्रिकं एकाच रचलेल्या ग्राफमध्ये टाकतं. टाकलं असेल तर काढा. आजार तिथेच संपला असेल, घरी जा.

या पायरीला पैसे लागत नाहीत आणि काही बिघडतही नाही, म्हणून ती पहिली. निम्मी प्रकरणं इथे मिटतात असं मी म्हणेन, मोजून नव्हे, अनुभवाने.

२. हाताने एकदा बेरीज करा

आता स्क्रिप्ट उघडण्याआधी कागद घ्या. /प्रॉक/स्टॅटची पहिली ओळ वाचा, दहा सेकंद थांबा, परत वाचा आणि रकान्यागणिक वजाबाकी करा. माझ्याकडच्या चार कोअरच्या एका छोट्या होस्टवर फरक असा आला होता:

युजर २४००
नाइस ०
सिस्टिम १८०
आयडल १४००
आयओवेट ०
आयआरक्यू ०
सॉफ्टआयआरक्यू २०
स्टील ०
गेस्ट २२००
गेस्ट नाइस ०

हे आकडे टिकमध्ये, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांत, असतात. नेहमीच्या मशीनवर सेकंदाला शंभर टिक धरतात. चार कोअर, दहा सेकंद, शंभर टिक, म्हणजे ४००० व्हायला हवेत. पहिल्या आठ रकान्यांची बेरीज करा: २४०० अधिक १८० अधिक १४०० अधिक २०. बरोबर ४०००. दहाही रकाने धरले तर ६२००. दहा सेकंदांत चार कोअरकडे ६२०० टिक येणार कुठून?

एकदा हे दिसलं की बाकी कोडं सुटतं. एकूण ४००० धरून दहाही तुकडे रचले तर युजर ६०, सिस्टिम साडेचार, सॉफ्टआयआरक्यू अर्धा, आयडल ३५, वर गेस्ट ५५. बेरीज १५५, म्हणजे रात्रीचा फोन. आणि एकूणच ६२०० धरलं तर आयडल २२.६ टक्के आणि "वापर" ७७.४ टक्के, म्हणजे नव्या सर्व्हरचा प्रस्ताव. खरा वापर आहे ६५ टक्के.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. आधी युजरमधून गेस्ट वजा करा आणि नाइसमधून गेस्ट नाइस. मग दहाही रकाने खुशाल बेरजेत घ्या. वरच्या उदाहरणात युजर २०० उरतो, म्हणजे ५ टक्के, आणि गेस्ट ५५ टक्के वेगळा दिसतो. एकूण वापर एवढाच हवा असेल तर त्याहून सोपं: शेवटचे दोन रकाने वाचूच नका.

बेरीज ४००० च्या आसपास एक-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे झाली तर डोकं लावू नका. ती पाच-पंचवीस टक्क्यांनी फसत असेल तरच पुढे.

३. रकाना चुकला का?

वजाबाकी लिहिलीय, तरीही आकडा वेडावाकडा. मग बहुधा वजाबाकी चुकीच्या रकान्याची होतेय.

गेस्ट हा नववा आकडा. पण ऑक या ओळी तोडणाऱ्या आज्ञेत ओळीच्या सुरुवातीचं 'सीपीयू' हे नावच पहिलं धरलं जातं, म्हणून गेस्ट दहावा होतो. नववा घेतला तर तुम्ही स्टील वजा करताय. प्रत्यक्ष मशीनवर स्टील शून्य असतो, त्यामुळे काहीच फरक पडत नाही आणि माणूस तास न् तास "मी वजा केलंय की!" म्हणत बसतो.

त्याहून चोरटी भानगड म्हणजे मोकळ्या जागा. एकूण बेरजेच्या ओळीत 'सीपीयू' या नावानंतर दोन मोकळ्या जागा असतात. 'सीपीयू०', 'सीपीयू१' यांच्या सुट्या ओळींत नावानंतर एकच. ऑक दोन्ही सारख्याच धरतो. पण 'कट' ही आज्ञा वापरून किंवा पायथनमध्ये एकेका मोकळ्या जागेवर ओळ तोडली, तर पहिल्या ओळीत मधेच एक रिकामा रकाना उपटतो आणि सगळे आकडे एका घराने सरकतात. कोअरवार ग्राफ बरोबर आणि एकूण ग्राफ चूक, असं चित्र दिसलं की मी थेट हेच बघते.

व्हीएमवार हिशेब करणाऱ्यांसाठी तिसरा खड्डा आहे. प्रत्येक प्रोसेसच्या स्टॅट फाइलमध्ये ४३ वा रकाना गेस्टच्या वेळेचा असतो, आणि १४ व्या रकान्यातल्या युजर वेळेत तो आधीच धरलेला असतो. वही तीच, रीत तीच. पण दुसऱ्या रकान्यात कंसात थ्रेडचं (प्रोसेसमधल्या एका धाग्याचं) नाव असतं. व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे क्यूईएमयू आणि त्याचा कारभारी लिबव्हर्ट. लिबव्हर्टने चालवलेल्या क्यूईएमयूच्या व्हर्च्युअल सीपीयू थ्रेडचं नाव असतं 'सीपीयू ०/केव्हीएम'. नावातच मोकळी जागा! त्या जागेवर ओळ सरळ तोडणाऱ्या स्क्रिप्टला ४३ व्या जागी भलताच रकाना मिळतो. यावर उपाय म्हणजे शेवटचा बंद कंस शोधायचा आणि त्याच्यापुढून मोजायचं. तिथून गेस्ट ४१ वा येतो.

सीग्रुपची (कर्नलने प्रोसेसांच्या केलेल्या गटाची) सीपीयू-स्टॅट फाइल वापरत असाल तर हा प्रश्नच येत नाही. तिच्यात गेस्ट वेगळा मिळत नाही, तो युजरमध्येच असतो.

४. सुळके आणि उणे आकडे

युजर वजा गेस्ट कधीकधी मागच्या वाचनापेक्षा एखाद्या टिकने कमी भरतो. दोन्ही काउंटर अगदी एकाच क्षणाचे असतील याची हमी नसते. प्रोग्रॅममध्ये उणे न मानणारा पूर्णांक वापरला असेल तर उणे एकचं १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतं. ग्राफमध्ये १८४४ ने सुरू होणारा वीस आकडी पहाड दिसला की ओळखा. फरक उणे आला तर शून्य धरायचा. एमपीस्टॅट, सार ज्यातले आहेत त्या सिसस्टॅटची साधनंही तेच करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. /प्रॉक/स्टॅट फाइल एकदाच वाचून सगळे रकाने त्याच वाचनातून घ्या. युजरसाठी एकदा आणि गेस्टसाठी परत एकदा फाइल उघडणारी स्क्रिप्ट मी पाहिली आहे.

आयओवेट मागे जाऊ शकतो हे तर प्रॉकच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. आणि व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर चालती हलवली की तिकडे नवी क्यूईएमयू प्रोसेस जन्माला येते. तिचा काउंटर शून्यापासून सुरू होतो. व्हीएमच्या नावाने हिशेब जोडत असाल तर ही तूट सांभाळावी लागेल.

५. गेस्ट शून्यच का?

पहिला प्रश्न, आकडा कुठे बघताय? व्हीएमच्या आत बघत असाल तर शून्यच बरोबर आहे. पाहुण्याच्या घरी पाहुणा नसतो. व्हीएममध्ये आणखी व्हीएम चालवत असाल तरच तिथे काही दिसेल.

होस्टवर बघताय आणि तरी शून्य? मग सिस्टिमचा रकाना बघा आणि युजरचाही.

सगळा वेळ युजरमध्ये पडलाय आणि व्हीएम रांगतेय, तर केव्हीएम चालूच नाही. क्यूईएमयू सॉफ्टवेअरने सीपीयूची नक्कल करतोय, आणि कर्नलच्या लेखी तो एक साधा प्रोग्रॅम आहे. /डेव्ह/केव्हीएम आहे का बघा. व्हर्श या लिबव्हर्टच्या आज्ञेने व्हीएमचं एक्सएमएल (तिच्या रचनेची फाइल) काढा आणि पहिल्या ओळीतला प्रकार 'केव्हीएम' आहे की 'क्यूईएमयू' ते वाचा. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या निरोपांत, 'बायोसने (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमने) बंद केलंय' अशा अर्थाची केव्हीएमची ओळ दिसली तर उत्तर सापडलं. आमच्याकडे एकदा मदरबोर्डची बॅटरी बदलल्यावर बायोस मूळ पदावर गेला आणि व्हर्च्युअलायझेशन बंद झालं. कुणीतरी व्हीएम "चालू तर होतेय" म्हणून क्यूईएमयू प्रकारात चढवली. आठवडाभर लोक डेटाबेसला शिव्या घालत होते.

वेळ सिस्टिममध्ये पडलाय, व्हीएम मात्र वेगात आहे, तर कर्नलची आवृत्ती बघा. ५.९ मध्ये एक्स८६ (इंटेल-एएमडी) वरच्या केव्हीएमच्या कोडमध्ये झालेल्या एका फेरबदलामुळे, टिकवर हिशेब मांडणाऱ्या होस्टवर गेस्टचा वेळ शून्यच राहायचा. टिकचा इंटरप्ट हाताळायच्या आधीच "मी गेस्ट चालवतोय" ही खूण पुसली जायची, आणि मुनीम तो वेळ सिस्टिमच्या खात्यावर टाकायचा. २०२१ मध्ये हे दुरुस्त झालं आणि दुरुस्ती जुन्या शाखांमध्येही गेली. त्या काळातला अपडेट न केलेला कर्नल असेल तर तुमची स्क्रिप्ट निर्दोष आहे.

इथे थांबायची पहिली जागा. चालत्या उत्पादन होस्टचा कर्नल केवळ एका ग्राफसाठी स्वतः पॅच करून बांधायचा नाही. वितरणाकडून आलेला अपडेट असेल तर ठरलेल्या वेळेत लावा, नसेल तर ज्यांच्याकडून सपोर्ट घेता त्यांच्याकडे तिकीट टाका. तोवर ग्राफखाली एक ओळ लिहून ठेवा. बायोसला हात लावायचा तर होस्ट बंद करावा लागणार, म्हणजे तेही एकट्याने रात्री करायचं काम नाही.

६. व्हीएम म्हणते स्टील, होस्ट म्हणतो रिकामा

हा स्टील भांड्यांचा नव्हे, चोरीचा. व्हीएमला सीपीयू हवा होता, तिची तयारीही होती, पण होस्टने दिला नाही, तो वेळ. केव्हीएममध्ये हा आकडा होस्टच व्हीएमला कळवतो. त्या व्हर्च्युअल सीपीयूचा थ्रेड होस्टवर रांगेत किती थांबला, तेवढा स्टील. म्हणजे होस्टवरचा गेस्ट आणि व्हीएममधला स्टील हे एकाच नाण्याचे दोन आकडे नव्हेत. गेस्ट म्हणजे वाढलेलं ताट, स्टील म्हणजे पंक्तीत ताटकळलेला वेळ. यांची बेरीज-वजाबाकी कुठेही करू नका.

होस्ट रिकामा आणि व्हीएम उपाशी, हे दोन्ही खरं कसं? मी या क्रमाने बघते.

आधी होस्टवर कोअरवार एमपीस्टॅट. सरासरीने फसायला होतं. सोळा कोअरमधले दोन शंभर टक्के गेस्टने भरलेले आणि चौदा मोकळे, तर सरासरी साडेबारा टक्के दिसेल. अशा वेळी व्हर्शच्या व्हीसीपीयूपिन आज्ञेने बघा, दोन व्हीएम एकाच कोअरला खिळवल्यात का. जुन्या व्हीएमचं एक्सएमएल कॉपी करून नवी बनवली की खिळेही कॉपी होतात. ही चूक माझ्याच हातून झालीय, दोनदा.

मग मर्यादा. व्हर्शच्या शेडइन्फो आज्ञेत व्हीसीपीयू कोटा, म्हणजे व्हर्च्युअल सीपीयूला ठरवून दिलेला वेळ, बघा. मर्यादा नसेल तर तिथे अचाट मोठा आकडा किंवा उणे एक असतं. खरी मर्यादा घातलेली असेल तर कोटा संपल्यावर थ्रेडला थांबवलं जातं, होस्ट रिकामा राहतो आणि व्हीएमला तो वेळ स्टील म्हणून दिसतो. हा बिघाड नाही, कुणीतरी घेतलेला निर्णय आहे. कुणी घेतला ते शोधा.

दोन्ही नसेल तर थ्रेडच्या शेडस्टॅट फाइलमधले तीन आकडे वाचा. पहिला प्रत्यक्ष चालण्याचा वेळ, दुसरा रांगेत थांबण्याचा, तिसरा किती पाळ्या मिळाल्या. पहिले दोन नॅनोसेकंदांत असतात. दुसरा आकडा दहा सेकंदांत किती वाढला ते बघा. पिडस्टॅटही थ्रेडवार थांबण्याचं प्रमाण देतो, तो वाचायला सोपा. व्हीएमच्या स्टीलशी हा आकडा साधारण जुळला तर मोजमाप बरोबर आहे आणि खरोखरच गर्दी आहे. मग प्रश्न मॉनिटरिंगचा उरत नाही, व्हीएम कमी करायच्या की होस्ट वाढवायचा हा उरतो.

भाड्याच्या क्लाउडवरची व्हीएम असेल तर यातलं काहीच तुमच्या हातात नाही. होस्ट तुम्हाला दिसत नाही. काही स्वस्त प्रकारांत सीपीयूचं क्रेडिट संपलं की स्टील वाढतो. ते एकदा बघा, व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करा म्हणजे कदाचित दुसऱ्या होस्टवर जाईल, आणि तरी स्टील टिकून असेल तर आठवड्याचा ग्राफ जोडून पुरवठादाराला लिहा. आतून ट्यूनिंग करत बसू नका.

७. आतून निवांत, बाहेरून गरम

होस्टला गेस्टच्या आतलं काही कळत नाही. आत युजर असो, कर्नल असो की नुसती गिरकी, बाहेरून सगळं गेस्टच. म्हणून व्हीएमच्या कर्नलला 'आयडल=पोल' (काम नसतानाही न झोपता गिरक्या घे) दिलं असेल तर ती आत स्वतःला रिकामी म्हणवते आणि बाहेर कोअर शंभर टक्के गेस्ट दाखवतो. व्हीएमची बूट ओळ वाचा, एका मिनिटाचं काम आहे. आतला हॉल्टपोल हा प्रकार याच जातीचा, पण सौम्य.

होस्टवर गेस्ट नव्हे, सिस्टिम वाढलेला असेल तर केव्हीएमचं हॉल्ट पोलिंग बघा. व्हीएमने "माझं काम संपलं" म्हटलं तरी होस्ट थोडा वेळ, एक्स८६ वर मुळात २०० मायक्रोसेकंदांपर्यंत, तिथेच घुटमळतो, लगेच काम आलं तर उशीर नको म्हणून. तो वेळ होस्टच्या सिस्टिममध्ये पडतो. सेकंदाला हजारो वेळा झोपणाऱ्या-उठणाऱ्या व्हीएमवर तो डोळ्यांत भरतो. हायपर-व्हीच्या (मायक्रोसॉफ्टच्या हायपरव्हायजरच्या) सोयी न दिलेली विंडोज व्हीएम टायमरपायी अशीच होस्टला जागं ठेवते. नेटवर्कचा भार असेल तर व्हीएमचं नेटवर्क होस्टच्या कर्नलमधून हाताळणारे व्हीहोस्टचे थ्रेडही सिस्टिममध्येच मोजले जातात, गेस्टमध्ये नाही. व्हीएमच्या आतला वापर आणि बाहेरून क्यूईएमयूचा वापर यांत फरक राहणारच. तो बुजवायचा हट्ट धरू नका.

सगळ्यात शेवटी 'परफ केव्हीएम स्टॅट' हे साधन. व्हीएममधून होस्टकडे किती वेळा आणि कशामुळे बाहेर पडावं लागतं, ते हे साधन दाखवतं. रूट (सर्वाधिकारी खातं) लागतो, चालत्या होस्टवर थोडा भारही पडतो, आणि आकडे वाचायला सराव लागतो. मी ते वर्षातून एखाद-दोनदाच काढते. कारणांची यादी समोर आली आणि त्यातली अर्धी नावं अनोळखी वाटली, तर ती फाइल जपून ठेवा आणि केव्हीएम जाणणाऱ्या माणसाला दाखवा. अंदाजाने पोलिंगचे आकडे बदलू नका. नोहर्ट्झ-फुल (कोअरवरचा टिक थांबवणारी कर्नलची सोय) लावलेले, खास कोअर राखून ठेवलेले होस्ट असतील तर मी स्वतःही हात लावत नाही, ज्यांनी ते बसवले त्यांना बोलावते.

आणि एक. या आकड्यांवर कुणाला बिल जात असेल, तर पहिली तपासणी करून चूक सापडल्या सापडल्या थांबा. गुपचूप स्क्रिप्ट सुधारू नका. जुन्या स्क्रिप्टची प्रत, /प्रॉक/स्टॅटची दोन वाचनं आणि हाताने केलेली बेरीज एका जागी ठेवा, आणि हिशेब बघणाऱ्या माणसाला आधी कळवा. मागच्या महिन्यांची बिलं ६२०० वर गेली होती की ४००० वर, हे त्यांना आज ना उद्या विचारावंच लागणार आहे.